मूळस्थानाचे लेबल आणि जादा किंमत मोजण्याची तयारी : हापूसच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राहक मार्गदर्शनाचे काम करताना दरवर्षी मार्च ते मे या काळात एकाच विषयावरचे प्रश्न सर्वाधिक येतात, आणि तो विषय म्हणजे आंबा. ‘देवगड’ किंवा ‘रत्नागिरी’ या नावासाठी आपण जास्त पैसे मोजतो, पण ते नाव खरे आहे याची खात्री कशी करायची, हा त्या सगळ्यांचा गाभा असतो. हाच प्रश्न गूळ, ज्वारी, हळद, मध यांनाही लागू पडतो. हापूसचे उदाहरण बहुतेकांच्या ओळखीचे असल्यामुळे पुढील उत्तरे मुख्यतः त्याच्याच आधाराने दिली आहेत.

मूळस्थानाचे लेबल म्हणजे नेमके काय?

खाद्यपदार्थ कोठे पिकला किंवा तयार झाला हे सांगणारी कोणतीही अधिकृत किंवा खासगी खूण म्हणजे मूळस्थानाचे लेबल. व्यवहारात त्याचे तीन प्रकार दिसतात आणि तिन्हींचे वजन अगदी वेगवेगळे आहे. पहिला प्रकार म्हणजे आयात केलेल्या वेष्टित मालावर छापावे लागणारे देशाचे नाव, जे आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. दुसरा प्रकार म्हणजे विक्रेत्याने स्वतःहून पेटीवर, पाटीवर किंवा पिशवीवर लिहिलेले गावाचे नाव. त्यामागे लिहिणाऱ्याच्या शब्दापलीकडे कोणताही आधार नसतो. तिसरा प्रकार भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावता येईल अशा सरकारी नोंदणीचा; त्याला आपण सर्रास ‘जीआय’ म्हणतो. १९९९ साली संसदेने यासाठी स्वतंत्र कायदा केला, तो सप्टेंबर २००३ पासून अमलात आला, आणि त्याखालील नोंदणी चेन्नई येथील कार्यालयात होते. दार्जिलिंग चहा हे या नोंदवहीतील पहिले नाव.

ग्राहकांची गफलत होते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात. छापील अक्षरे दिसली की ती तपासलेली असणार, असे आपण मनोमन धरून चालतो.

‘जादा किंमत मोजण्याची तयारी’ ही संकल्पना काय आहे?

दोन वस्तू बाकी सर्व बाबतींत सारख्या असताना केवळ एका गुणासाठी ग्राहक जास्तीत जास्त किती पैसे अधिक देईल, त्या रकमेला अर्थशास्त्रात ही संज्ञा वापरतात. समजा, नाव नसलेला हापूस तुम्ही डझनाला ६०० रुपयांपर्यंत घेतला असता आणि त्याच आकाराच्या, त्याच पिकलेपणाच्या खात्रीच्या देवगड हापूसला १००० रुपयांपर्यंत दिले असते, तर मूळस्थानासाठी तुमची तयारी ४०० रुपयांची आहे. बाजारातला भाव आणि ही तयारी एकच नव्हेत. भाव ८०० असेल तर २०० रुपयांचे समाधान तुमच्या पदरात पडते. भाव १२०० झाला तर तुम्ही पाठ फिरवता.

ही तयारी मोजतात कशी? लोकांना विचारले की ते खरे सांगतात का?

नुसते विचारले तर बहुधा वाढवून सांगतात, आणि त्यात लबाडी असतेच असे नाही. खिशातून पैसे जाणार नसतील तर ‘शेतकऱ्यासाठी शंभर रुपये जास्त द्यायला माझी काय हरकत आहे’ असे कोणीही मनापासून म्हणतो. दुकानात पाकीट उघडताना मात्र महिन्याचा हिशोब आठवतो. तोंडी उत्तर आणि प्रत्यक्ष खरेदी यांतील ही तफावत संशोधकांना चांगलीच परिचित आहे आणि ती कमी करण्यासाठी त्यांनी निरनिराळ्या युक्त्या शोधल्या आहेत.

एक पद्धत निवड-प्रयोगाची आहे. त्यात ग्राहकापुढे वेगवेगळ्या पेट्यांची वर्णने ठेवतात : एक देवगडची, मानांकन असलेली, महाग, दुसरी नाव नसलेली, स्वस्त, तिसरी देवगडची, पण स्टिकर नसलेली, मधल्या भावाची. अशा अनेक निवडी करून घेतल्या की कोणत्या गुणाला तो किती वजन देतो हे गणिताने काढता येते. ‘मूळस्थानासाठी किती द्याल’ हा प्रश्न थेट विचारला जात नाही, हेच तिचे बलस्थान.

दुसरी पद्धत १९६४ साली बेकर, डीग्रूट आणि मार्शॅक या तिघांनी मांडली. ती आंब्यावर बसवून सांगायची तर तुमच्या हातात नाव नसलेला एक डझन आंबा आधीच दिला जातो. तो बदलून मानांकित देवगड घ्यायचा असेल तर जास्तीत जास्त किती रुपये वर द्याल, ते कागदावर लिहायचे. मग डब्यातून एक चिठ्ठी काढतात. चिठ्ठीवरचा आकडा तुमच्या आकड्याएवढा किंवा त्याहून कमी असेल तर चिठ्ठीवरची रक्कम देऊन अदलाबदल करावी लागते. जास्त असेल तर अदलाबदल होत नाही. यात कमी लिहिले तर हवा असलेला आंबा हुकतो, जास्त लिहिले तर नकोशा भावाने गळ्यात पडतो, म्हणून मनातला खरा आकडा लिहिणेच हिताचे ठरते. घासाघीस करण्याची सवय असलेल्या आपल्या ग्राहकाला ही रीत आधी एकदोनदा करून दाखवावी लागेल, कारण पहिला आकडा मुद्दाम कमी सांगायचा हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे.

ग्राहक नेमके कशासाठी जास्त देतो, चवीसाठी की गावाच्या नावासाठी?

दोन्हींसाठी, आणि त्यांची फोड करणे सोपे नाही. खाद्यपदार्थाचे गुण तीन प्रकारचे असतात. काही पाहून कळतात : आकार, रंग, डाग. काही खाल्ल्यावरच कळतात. हापूसमधला साका हे त्याचे ठसठशीत उदाहरण, कारण बाहेरून फळ सुरेख दिसते आणि कापल्यावर आतला गर पांढुरका, स्पंजासारखा निघतो. तिसरे गुण खाऊनही सिद्ध होत नाहीत, ते विश्वासावरच घ्यावे लागतात. फळ कोणत्या तालुक्यात लागले, झाडावर काय फवारले, आढीत पिकवले की रसायनाने, हे जिभेला नक्की सांगता येत नाही. मूळस्थान या तिसऱ्या गटात मोडते, आणि म्हणूनच त्याला लेबलची गरज इतर कोणत्याही गुणापेक्षा अधिक आहे.

चवीपलीकडेही काही असते. मूळचे मालवणचे किंवा राजापूरचे, पण दोन पिढ्या मुंबईत गेलेले कुटुंब त्या पेटीत गाव शोधत असते. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घरात अक्षय्य तृतीयेला आमरस झाला, तर त्या डब्यावरचे ‘रत्नागिरी’ हे नाव चवीइतकेच मोलाचे असते. ही भावना आर्थिक हिशोबात धरू नये असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ग्राहक ज्यासाठी जाणूनबुजून पैसे देतो ते त्याला खरेखुरे मिळालेच पाहिजे, मग ती चव असो वा आठवण.

पेटीवर ‘देवगड हापूस’ लिहिलेले असते. तेवढे पुरेसे नाही का?

नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एक पेटी आणली होती. लाकडी फळ्यांवर ठशीव निळ्या अक्षरांत ‘देवगड’ असे छापलेले होते आणि भावही त्या नावाला शोभेल असा होता. घरी पेंढा बाजूला करत तळाशी पोहोचलो तेव्हा फळ्यांवर अंथरलेले वर्तमानपत्र कन्नड भाषेतले निघाले. आंबा गोड होता, वाईट मुळीच नव्हता. पण मी ज्याचे पैसे दिले होते तो तो नव्हता. अशी तक्रार घेऊन येणारे ग्राहक पुढे अनेक भेटले आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी हाच वर्तमानपत्राचा पुरावा सांगितला.

कोकणातल्या हापूसची साल पातळ असते, गर केशरी असतो आणि पिकलेल्या फळाचा वास खोलीभर दरवळतो. दक्षिणेकडून येणाऱ्या हापूसची साल त्या मानाने जाड, गर पिवळसर आणि खालचे टोक किंचित निमुळते असते, असे जाणकार सांगतात. मात्र हे ठोकताळे आहेत. फळाची जात तीच असल्यामुळे सरमिसळ केलेल्या पेटीत भल्याभल्यांचा अंदाज चुकतो.

मानांकन मिळाल्यावर काय बदलले?

ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. कायद्याच्या दृष्टीने या प्रदेशाबाहेरच्या फळाला ते नाव लावून विकता येत नाही. नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि पुढे तिचे नूतनीकरण करता येते. बागायतदाराला हे नाव वापरायचे असेल तर त्याने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करून घ्यायची असते. त्या अर्जाचे शुल्क २०२० साली ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणले गेले.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. मानांकन पाचही जिल्ह्यांसाठी आहे, त्यामुळे मानांकित हापूस हा देवगडचाच असेल असे नाही. तो अलिबागचा किंवा दापोलीचाही असू शकतो आणि तरीही पूर्णपणे अस्सल असतो. ‘देवगड’ या नावासाठी तुम्ही वेगळे पैसे देत असाल तर तालुक्यापर्यंत नेणारा पुरावा मागा. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचा स्टिकर लावण्याची पद्धत सुरू केली आहे. क्रमांकाचा एक भाग वर दिसतो, दुसरा स्टिकर फाडल्यावर आत सापडतो, आणि दोन्ही जुळवून मोबाइलवरून पडताळणी करता येते. स्टिकर एकदा फाटला की दुसऱ्या फळावर चिकटवून उपयोग नाही. पेटीऐवजी फळावरच खूण असणे हा यातला सर्वांत शहाणपणाचा भाग आहे, कारण पेट्या रिकाम्या होतात आणि पुन्हा भरल्या जातात.

मानांकन म्हणजे दर्जाची हमी समजावी का?

पूर्णपणे नाही. मानांकन प्रामुख्याने उगम सांगते. त्या प्रदेशातील माती, हवा आणि पद्धतीमुळे येणारे वैशिष्ट्य सांगते. तुमच्या हातातले फळ कोवळे उतरवले होते का, त्यात साका आहे का, ते कसे पिकवले, याची जबाबदारी विक्रेत्याची राहते. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास देशात बंदी आहे आणि ती मानांकित व बिगरमानांकित दोन्ही फळांना सारखीच लागू आहे.

खोट्या नावाने माल विकला तर नुकसान ग्राहकाचेच ना? बागायतदाराचे काय बिघडते?

बागायतदाराचे नुकसान अधिक खोल आहे. जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हे दाखवले आणि पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांचा युक्तिवाद आंब्याला तंतोतंत लागू पडतो. केवळ समजण्यासाठी आकडे धरू. खात्रीच्या देवगडला ग्राहक डझनामागे १२०० रुपये देईल आणि दुसऱ्या हापूसला ६००. बाजारात ‘देवगड’ नावाच्या पेट्यांपैकी निम्म्याच खऱ्या आहेत हे त्याला अनुभवाने कळले, तर तो दोहोंची सरासरी, म्हणजे ९०० रुपयेच मोजेल. आता फवारणी, राखण, काढणी, पेटी आणि वाहतूक धरून अस्सल बागायतदाराला डझन १००० रुपयांना पडत असेल तर ९०० ला तो कसा विकेल? काही बागायतदार त्या बाजारातून बाजूला होतात. खऱ्या पेट्यांचे प्रमाण निम्म्यावरून एक-तृतीयांशावर येते आणि ग्राहकाची तयारी ८०० वर उतरते. मग आणखी काही जण बाजूला होतात.

ग्राहकाची चांगल्या मालासाठी पैसे देण्याची इच्छा शाबूत असते, बागायतदाराकडे तो माल असतो, आणि तरीही दोघांची गाठ पडत नाही. म्हणून मी नेहमी सांगतो की लोक पैसे द्यायला तयार नसतात ही ओरड अपुरी आहे. नावावरचा विश्वास उडालेला असतो.

ग्राहकाने दिलेले जादा पैसे बागायतदारापर्यंत पोहोचतात का?

आपोआप पोहोचत नाहीत. कोकणातील अनेक बागायतदार हंगामापूर्वी फवारणी आणि मजुरीसाठी वाशीच्या बाजारातील दलालाकडून उचल घेतात. उचल घेतली की माल त्याच गाळ्यावर पाठवावा लागतो आणि भाव काय मिळाला हे नंतर आलेल्या पट्टीवरून, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदावरून कळते. हमाली, वाहतूक वजा होऊन हातात येणारी रक्कम आणि शहरातल्या दुकानातला भाव यांत मोठे अंतर असते. नावाची किंमत ग्राहक मोजतो, पण ते नाव पेटीवर ठळक करून विकणारा कोणीतरी दुसराच असेल तर फायदा त्याच्याकडे राहतो.

यात सर्व दोष दलालावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. बँकेने दार बंद केल्यावर भांडवल पुरवणारा अनेकदा तोच असतो. परंतु फळावर बागायतदाराची नोंद असलेला क्रमांक आला की ग्राहक पुढच्या वर्षी त्याच बागेतून थेट मागवू शकतो, आणि हा बदल मी पाहिला आहे. पुण्यातल्या एका सोसायटीतली बारा-पंधरा घरे एकत्र येऊन आता दरवर्षी एकाच बागेची पेटी घेतात. फोनवर बोलणे होते, ‘यंदा मोहोर उशिरा आला, काका, आठवडाभर थांबा’ असे तिकडून सांगितले जाते आणि ही मंडळी थांबतात.

कर्नाटकातला हापूस मग कमी प्रतीचाच मानायचा का?

अजिबात नाही. तोही कोणाच्या तरी कष्टाचा आहे आणि पुष्कळ घरांना परवडणारा गोड आंबा तोच पुरवतो. हिवाळ्यात वाशीला येणारा आफ्रिकेतील मलावीचा हापूसही उघडपणे मलावीच्या नावानेच विकला जातो, आणि ज्यांना हवा ते तो समजून-उमजून घेतात. आक्षेप फळाला नसून नाव बदलण्याला आहे. गुजरातमधील ‘वलसाड हापूस’ या नावासाठी झालेल्या मानांकनाच्या अर्जाला कोकणातील बागायतदारांनी आक्षेप घेतला आहे; ‘हापूस’ हा शब्द किती प्रदेशांना लागू व्हावा हा त्या वादाचा कळीचा प्रश्न आहे.

इतर पदार्थांसाठीही लोक असेच पैसे मोजतील का?

सर्वांसाठी नाही, आणि याबद्दल भाबडेपणा नको. मंगळवेढ्याची ज्वारी, कोल्हापुरी गूळ, आजरा घनसाळ तांदूळ, सांगलीची हळद, वेंगुर्ल्याचा काजू, भिवापुरी मिरची, गोव्यातील खोला मिरची आणि मानकुराद आंबा ही सगळी मानांकित नावे आहेत. यांपैकी जो माल पुडीत बंद होऊन ग्राहकापर्यंत जातो त्याचे नाव टिकते. ज्वारी पोत्यातून सुटी विकली जाते, गिरणीत दळली जाते आणि तिचे गाव पहिल्याच मापात हरवते. शिवाय रोजच्या भाकरीच्या पिठाला किलोमागे वीस रुपये जास्त देणे आणि वर्षातून दोन पेट्या आंब्याला जास्त देणे यांत घरखर्चाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. सणाचा, भेटीचा किंवा पाहुण्यांसाठीचा पदार्थ असला की मूळस्थानाला किंमत मिळते.

युरोपीय आयोगाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संरक्षित नावाच्या उत्पादनांचे विक्रीमूल्य तशाच बिगरसंरक्षित उत्पादनांच्या सरासरी दुप्पट आढळले. हा आकडा आपल्याकडे वारंवार सांगितला जातो, पण त्यात वाइन आणि मद्यांचा मोठा वाटा आहे आणि त्यांच्यामागे दीर्घकाळची तपासणी यंत्रणा उभी आहे, हे सोबत सांगितले जात नाही.

मग मूळस्थानाचे लेबल सर्वांना सक्तीचे का करू नये?

अमेरिकेचा अनुभव येथे उपयोगी आहे. तेथे गोमांस आणि डुकराच्या मांसावर जन्म, संगोपन आणि कत्तल कोणत्या देशांत झाली हे लिहिणे सक्तीचे करण्यात आले होते. कॅनडा आणि मेक्सिको यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली, निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने या दोन मांसप्रकारांपुरती सक्ती काढून टाकली. सर्वेक्षणात ग्राहक अशा लेबलसाठी पैसे देऊ म्हणतात, पण प्रत्येक टप्प्यावर माल वेगळा ठेवण्याचा खर्च कोणी उचलायचा यावर गाडी अडते. याउलट मधाच्या बाबतीत युरोपीय संघ अधिक काटेकोर झाला आहे. २०२४ च्या सुधारणेने मिश्र मधाच्या बाटलीवर कोणत्या देशाचा मध किती टक्के आहे हे लिहिणे आवश्यक ठरवले.

माझे मत असे की सरसकट सक्तीपेक्षा, जो नावाचा दावा करतो त्याने पुरावा द्यावा, हा नियम कडकपणे राबवावा. नाशिकची द्राक्षे युरोपला जातात तेव्हा ‘ग्रेपनेट’ या प्रणालीत प्रत्येक बागेची नोंद असते आणि पेटीवरून बागेपर्यंत माग काढता येतो. रॉटरडॅमच्या ग्राहकासाठी आपण जे करतो ते दादरच्या आणि मडगावच्या ग्राहकासाठी करायला हरकत नसावी.

फसवणूक झाली असे वाटल्यास काय करता येते?

खोटे भौगोलिक नाव लावून माल विकणे हा मानांकन कायद्यानुसार गुन्हा असून त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ग्राहक म्हणून तुम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवू शकता, किंवा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाऊ शकता, जेथे पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही.

बहुतेक तक्रारी पुराव्याअभावी अडतात. पेटी उघडण्यापूर्वी तिच्या चारही बाजूंचा फोटो काढा, पावतीवर ‘हापूस’ एवढेच न लिहिता ‘देवगड हापूस’ किंवा जे सांगून विकले ते पूर्ण नाव लिहून घ्या, फळावर स्टिकर असेल तर तो सोलून फेकण्यापूर्वी पडताळून पाहा, आणि तळाशी अंथरलेला कागद टाकू नका.